औजार आपले, किल्ली परक्याची

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाजात काळजी होती. म्हणाली, "भाईजान, आता तुम्हीच त्याला समजवा. पुण्यात राहून चार पैसे साठवायचे सोडून पोरगा खेळण्यांत पैसे घालतो. उद्या लग्न करायचे, घर बघायचे. अक्कल येणार तरी कधी?"

तो म्हणजे आमचा भाचा. वय सत्तावीस. मालेगावातल्या उर्दू शाळेत शिकला, पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर झाला आणि गेली चार वर्षे पुण्यात एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करतो. बहीण ज्यांना खेळणी म्हणते ती म्हणजे तळहाताएवढी हिरवी बोर्डे, रंगीत तारा, बोटभर पडदे आणि सोल्डरिंगची गन. सुट्टीच्या दिवशी तो हे सगळे मांडून बसतो आणि आपल्या आईच्या शब्दांत सांगायचे तर "घरभर कचरा करतो."

आम्ही कापडाचे व्यापारी. शिक्षण उर्दू माध्यमातून, तेही मॅट्रिकपर्यंत. कॉम्प्युटरच्या विषयावर आम्ही लिहावे हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु यंत्र म्हणजे काय, भांडवल म्हणजे काय आणि गरजवंताला भाव कसा मोजावा लागतो, हे तीस-पस्तीस वर्षे गादीवर बसून आम्ही शिकलो आहोत. भाच्याला समजवायला बसलो आणि अखेरीस आम्हालाच काही गोष्टी समजल्या. त्या आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या कामाच्या आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हिशेब

भाचा सुट्टीत घरी आला तेव्हा आम्ही त्याला दुकानात बोलावले आणि पहिल्याने कागद-पेन पुढे केले. व्यापाऱ्याने उपदेश करण्यापूर्वी हिशेब बघावा, असा आमचा शिरस्ता आहे.

हातात येणारा पगार ३४ हजार रुपये. तिघांत मिळून घेतलेल्या खोलीच्या भाड्याचा वाटा ९ हजार. खानावळ आणि चहापाणी साडेसहा हजार. मोटारसायकलचे पेट्रोल ३ हजार. फोन आणि इंटरनेट १ हजार. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता साडेचार हजार. घरी आईला पाठवतो ते ८ हजार. बेरीज झाली ३२ हजार. उरले दोन हजार. त्यांतले हजार-बाराशे खेळण्यांत जातात.

बहिणीची तक्रार होती या बाराशे रुपयांची! ३४ हजारांपैकी ३२ हजार कोठे गेले याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. भाड्याला कोणी खेळणे म्हणत नाही, पेट्रोलला उधळपट्टी म्हणत नाही, कारण ते सगळेच भरतात. आजारपण आले, भावंडाची फी आली, की उरलेले आठशेही जातात. सॉफ्टवेअर कंपन्यांनी नव्या इंजिनिअरला वर्षाला तीन ते साडेतीन लाखांच्या आसपास द्यावे, हा रिवाज गेल्या पंधरा वर्षांत फारसा हललेला नाही, हे वर्तमानपत्रांतून वारंवार छापून आले आहे. या पंधरा वर्षांत खोलीचे भाडे आणि खानावळीचे ताट कोठून कोठे गेले, हे ज्यांची मुले पुण्या-मुंबईत आहेत त्यांना सांगायला नको. इंजिनिअर झाला म्हणजे घराचे भाग्य उजळले, ही समजूत आता आपण सोडली पाहिजे. तोही एक पगारी कारागीरच आहे, फक्त त्याच्या कारखान्यात हवा थंड असते.

भाच्याची खरी तक्रार

पण पैशाचे रडगाणे भाच्याने गायले नाही. त्याची तक्रार वेगळीच निघाली. म्हणाला, "मामू, मी इंजिनिअर आहे, पण माझ्या हातातली एकही वस्तू मला उघडता येत नाही."

आम्हाला अर्थ कळला नाही. तेव्हा त्याने आमच्या दुकानातल्या प्रिंटरकडे बोट दाखवले. हा प्रिंटर आम्ही रोख पैसे देऊन घेतला. नाक्यावरचा पोरगा त्यात शाई भरून देत असे, बिले छान निघत. एके दिवशी इंटरनेटवरून त्यात काही नवे आपोआप भरले गेले आणि दुसऱ्या दिवसापासून प्रिंटरने बाहेरची शाई घ्यायला नकार दिला. शाई तीच, कागद तोच, प्रिंटर आमचा. तरीही कोणती शाई वापरायची हे ठरवणार कंपनी. भाच्याने सांगितले की शाईच्या डबीवर नखाएवढी चिप असते आणि ती नसेल तर यंत्र तोंड फिरवते. यंत्रात बिघाड काहीच नाही. त्याला तसे शिकवले आहे.

दुसरी गोष्ट बिलांच्या प्रोग्रामची. २०१२ साली आम्ही तो एकदाच किंमत देऊन डब्यातून विकत आणला होता. आता दरवर्षी पैसे भरावे लागतात. न भरावे तर जी.एस.टी.चे नवे फेरबदल त्यात येत नाहीत. दुसरा घ्यावा तर आमच्या दहा-बारा वर्षांच्या खातेवह्या त्या प्रोग्रामखेरीज दुसरीकडे सरळ उघडत नाहीत. भाडेकरू आम्ही झालो आणि सामान आमचेच आत अडकले.

वाचकहो, ही एका दुकानाची कथा नाही. फोटो आणि डिझाइनच्या कामात जगभर चालणारे फोटोशॉप पूर्वी डब्यात विकत मिळे. २०१३ साली ॲडोबी कंपनीने जाहीर केले की यापुढे तिचा हा सगळा संच विकत नाही, भाड्यानेच मिळेल. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षेची मुदत दिली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ साठी यंत्रात सुरक्षेची ठराविक चिप आणि ठराविक काळानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगली चालणारी पुष्कळ यंत्रे एका तारखेला 'जुनी' ठरली. त्यांचा पडदा चालतो, कळफलक चालतो, पंखा फिरतो, पण कागदोपत्री मयत.

न्यायाची गोष्ट म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती भाच्यानेच सांगितली. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही पोट आहे. चोर नवनवे दरवाजे शोधतात, तेव्हा कुलपे बदलत राहावी लागतात आणि त्या मेहनतीचे पैसे कोणीतरी द्यायलाच हवेत. सांभाळ थांबलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे, हेही खरे. आमची हरकत मोबदल्याला नाही. कुलूप बदलणाऱ्याला मजुरी द्यावी. पण कुलूप बदलता बदलता त्याने घराची किल्ली खिशात घालावी, याला आम्ही धंदा म्हणत नाही.

लूम आणि कॉम्प्युटर

आमच्या धाकट्या भावाचे चोवीस लूमचे शेड आहे. त्यांतले काही लूम आमच्या भाच्याच्या बापाहून वयाने मोठे आहेत. एका बंद पडलेल्या गिरणीतून भंगाराच्या भावाने आणलेले. आजही ते कापड काढतात. का? कारण त्यांत काही लपलेले नाही. दात झिजला तर गावातला ओतकाम करणारा नवे चाक ओतून देतो. धोटा फुटला तर दुसरा मिळतो. मिस्त्री कानाने ऐकून सांगतो की खडखड कोठून येते. ज्याने तो लूम पन्नास-साठ वर्षांपूर्वी बनवला त्याची कंपनी राहिली की बुडाली, याने आमच्या भावाला काडीचाही फरक पडत नाही.

आम्ही असे म्हणत नाही की जुना लूमच चांगला. त्याचे कापड नव्या यंत्रापुढे कमी पडते, हे बाजारात आम्ही रोज बघतो. सांगायचे इतकेच की विकत घेणे म्हणजे काय याचा अर्थ त्या लूमकडून शिकावा. विकत घेतले म्हणजे उघडता आले पाहिजे, दुरुस्त करता आले पाहिजे, आणि विकणारा उठून गेला तरी काम चालले पाहिजे.

आपल्या कारागीर बांधवांना आणखी एक गोष्ट माहीत असावी. कॉम्प्युटरचे मूळ आपल्याच घरातले आहे. फ्रान्समधल्या ल्यों या रेशमाच्या शहरात जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ साली भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालणारा माग तयार केला. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे खाली राहतो. त्यावरून नक्षी उमटते. सोलापूरच्या चादरीवर जी नक्षी आपण बघतो ती या जकार्डचीच. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज याने १८३० नंतरच्या दशकात गणिताचे मोठे यंत्र योजले, तेव्हा त्याला हुकूम देण्यासाठी हीच कार्डे घेतली. सुमारे २४ हजार कार्डांवर रेशमात विणलेले जकार्डचे एक चित्र बॅबेजने आपल्याजवळ ठेवले होते. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेची मोजणी हर्मन हॉलरिथने भोकांच्या कार्डांवर केली. त्याची कंपनी इतर कंपन्यांत मिसळून १९२४ साली आय.बी.एम. या नावाने ओळखली जाऊ लागली.

ल्योंचा विणकर कार्ड हातात घेऊन बघू शकत होता. कोठे भोक चुकले ते त्याला दिसत होते, तेवढे कार्ड तो बदलत होता. आज त्या कार्डांची जागा चिपने घेतली आणि विणकराच्या पोटी जन्मलेला इंजिनिअर म्हणतो की मला आत बघता येत नाही. विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

पस्तीस डॉलरचा कॉम्प्युटर

मग ही खेळणी कशासाठी? भाच्याने आम्हाला एक इतिहास सांगितला, तो थोडक्यात असा.

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या काही जाणत्या लोकांच्या ध्यानात आले की विद्यापीठात येणारी मुले कॉम्प्युटर वापरतात, पण त्याच्या आत काय चालते हे त्यांना पूर्वीच्या मुलांइतके ठाऊक नसते. कारण घरातला महाग कॉम्प्युटर मोडेल या भीतीने कोणी मुलांना उघडू देत नाही. म्हणून एबेन अप्टन आणि त्याच्या साथीदारांनी मोडला तरी जीव हळहळणार नाही असा स्वस्त कॉम्प्युटर बनवला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला. नाव रास्पबेरी पाय, किंमत ३५ डॉलर. २०१५ साली तर त्याचा एक धाकटा भाऊ पाच डॉलरला निघाला. तारा जोडा, दिवा लावा, मोटर फिरवा, चुका, पुन्हा करा. जगभरच्या मुलांनी आणि हौशी लोकांनी तो हातोहात उचलला.

पुढे २०२१ साली चिपांचा जागतिक तुटवडा आला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने इतिहासात पहिल्यांदा भाव वाढवला, २ जी.बी. मेमरीचे बोर्ड ३५ वरून ४५ डॉलरवर गेले. तुटवड्याच्या काळात कंपनीने आपला माल आधी कारखानदार गिऱ्हाइकांना दिला, कारण त्यांचे धंदे त्या बोर्डांवर उभे होते. हौशी मुलगा रांगेत मागे राहिला आणि दलालांनी दुप्पट-तिप्पट मागितले. २०२३ च्या अखेरीस ती तंगी सरली. मग २०२५ मध्ये दुसरी आली, ती मेमरीची. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर जे प्रचंड कॉम्प्युटर कारखाने उभे राहू लागले त्यांनी मेमरीच्या चिपा घाऊक उचलायला सुरुवात केली. डिसेंबर २०२५ मध्ये रास्पबेरी पायच्या पाचव्या पिढीचे ४ जी.बी.चे बोर्ड ६० वरून ७० डॉलरला गेले आणि १६ जी.बी.चे १२० वरून १४५ ला. सर्वांत कमी मेमरीच्या बोर्डांना कंपनीने त्या वेळी हात लावला नाही, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्याच महिन्यात अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीने 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकाला मेमरी विकण्याचा आपला धंदा बंद करण्याचे जाहीर केले, कारण मोठ्या गिऱ्हाइकांनाच माल पुरवायचा होता.

हे ऐकताना आम्हाला हसू आले. भाच्याने विचारले, "मामू, हसता का?" आम्ही म्हणालो, "बेटा, चिपेच्या जागी सूत म्हण, ही सगळी कहाणी आमच्या बाजाराची आहे." २०१०-११ साली कापसाचे आणि सुताचे भाव चढले तेव्हा काय झाले होते, हे मालेगाव-भिवंडीच्या कारखानदारांना आठवत असेल. मोठा खरेदीदार शंभर गाठी रोखीने उचलतो. बारा लूमवाला दोन गाठींसाठी उधारी मागत उभा राहतो. भाव वाढतो तो दोघांनाही, पण मोठ्याचा नफा कमी होतो आणि लहानाची चूल विझते.

यात डॉलरची भर. २०१२ च्या सुरुवातीला डॉलर ४९ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये तो ९० च्या वर गेला. म्हणजे ३५ डॉलरच्या बोर्डाचा भाव डॉलरमध्ये एक पैसाही वाढला नसता, तरी सतराशे रुपयांचे ते बोर्ड आपल्या मुलाला सव्वातीन हजारांच्या जवळ पडले असते. वर जी.एस.टी. आणि दुकानदाराचा नफा. इंग्लंडच्या मुलासाठी जे मोडले तरी चालेल ते मालेगावच्या मुलासाठी महिनाभराच्या बचतीपेक्षा मोठे होऊन बसले. म्हणून आमचा भाचा आता चिनी बनावटीची चार-पाचशे रुपयांची लहान बोर्डे वापरतो. गरिबाची शिकवणी थांबत नाही, फक्त तिचा दर्जा उतरतो.

शेडमधली डबी

एवढे झाल्यावरही आमच्या मनात शंका होतीच. हौस म्हणून ठीक, पण उपयोग काय? तेव्हा भाचा आम्हाला आमच्या भावाच्या शेडमध्ये घेऊन गेला.

तेथे चार लूमवर त्याने चार डब्या बसवल्या होत्या. लूमच्या दांड्यावर एक चुंबक, शेजारी बोर्डाला जोडलेला डोळा. दांडा एकदा फिरला की बाण्याचा एक धागा पडतो. डबी तेवढेच मोजते, आणि लूम थांबला तर किती वाजता थांबला नि किती वेळ थांबला हे एका जुन्या मोबाईलवर दाखवते. एका डबीचा खर्च सुमारे सातशे रुपये.

सुरुवातीला कारागीर बिथरले. त्यांना वाटले की मालकाने पहारा बसवला. भाच्याने शहाणपण केले. त्याने मोबाईल मालकाच्या खोलीत न ठेवता शेडच्या भिंतीला टांगला, सगळ्यांना दिसेल असा. पंधरा दिवसांनी आकडे बघितले तर आमचा भाऊ गप्प झाला. तो नेहमी म्हणायचा, कारागीर चहाला जातात म्हणून कापड कमी निघते. आकड्यांनी सांगितले की लूम सर्वांत जास्त वेळ उभे राहत होते ते भरलेली कांडी वेळेवर न आल्यामुळे, आणि त्याखालोखाल विजेमुळे. भावाने कांडी भरायला आणखी एक माणूस लावला. कारागिरावरचा खोटा ठपका पुसला गेला आणि मालकाचे कापडही वाढले. सातशे रुपयांच्या खेळण्याने हे काम केले.

सगळे गोडच लिहावे असे नाही. चारपैकी दोन डब्या बंद पडल्या. एकीत कापसाची धूळ गेली, दुसरी विजेच्या झटक्याने जळाली. भाच्याने त्यांना झाकण आणि फ्यूज बसवला. मग नव्या डब्या करायला बसला तर वर्षभरापूर्वी लिहिलेला प्रोग्राम चालेना. ज्या साधनाने तो प्रोग्राम बोर्डात भरतात त्याची नवी आवृत्ती आली होती आणि काही जुने हुकूम तिने रद्द केले होते. दोन रात्री त्यातच गेल्या. तो वैतागून म्हणाला, "छोटे मामूंचा लूम साठ वर्षे चालतो आणि माझा प्रोग्राम एक वर्ष टिकत नाही." त्याच्या चेहऱ्यावर जो राग होता तो आम्ही ओळखला. चांगल्या मिस्त्रीला खराब माल हातात आला म्हणजे त्याचा चेहरा असाच होतो. निष्काळजी माणसाला असा राग येत नाही.

त्या दिवशी आमचे मत बदलले. आपल्यात हुनर शिकण्याची रीत काय होती? पोरगा उस्तादाच्या हाताखाली बसे, वर्षभर माल बिघडवी, उस्ताद शिव्या देई आणि नुकसान सोसे. ते नुकसान म्हणजेच शिकवणीची फी. आज कंपन्यांत कोणी कोणाला नुकसान करू देत नाही. भाचा सांगतो की नोकरीत त्याच्या वाट्याला एका परदेशी कामाच्या तुकड्याचा तुकडा येतो, पूर्ण वस्तू त्याने कधी बघितलेली नाही. तेव्हा तो आपल्या पगारातून बाराशे रुपये काढून स्वतःच उस्ताद आणि स्वतःच शागीर्द होतो. ही उमेदवारी आहे. तिला खेळणे म्हणणे आपली चूक आहे, आणि ती चूक आम्हीही करणार होतो.

आपण काय करावे

आता कॉम्प्युटर नको म्हणण्याची सोय उरलेली नाही. १ जुलै २०१७ पासून जी.एस.टी. आला, १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात माल पाठवायला ई-वे बिल आले, १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस आले. यंत्र घ्यावेच लागणार. मग निदान डोळे उघडून घ्यावे. भाच्याशी बोलून आम्ही काही नियम ठरवले आहेत, ते बांधवांपुढे ठेवतो.

पहिला नियम, खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत. याचे सुटे भाग आणि शाई बाहेर मिळते का? दरवर्षी किती भरावे लागेल आणि न भरल्यास काय बंद होईल? आमचा हिशेब आम्हाला दुसऱ्या प्रोग्रामात नेता येईल का? विक्रेता तिसऱ्या प्रश्नाला गडबडला तर सौदा जपून करावा.

दुसरा, आपल्या खात्यांची नक्कल दर महिन्याला साध्या तक्त्याच्या स्वरूपात काढून वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी. वही आपल्या कपाटात असावी, परक्याच्या तिजोरीत नव्हे.

तिसरा, 'जुना' ठरलेला कॉम्प्युटर भंगारात देण्यापूर्वी जाणत्या मुलाला दाखवावा. १९९१ साली फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, सुरू केलेली लिनक्स ही प्रणाली फुकट मिळते, जिला वाटेल त्याने उघडून बघावे अशी तिची रीत आहे, आणि पुष्कळ जुन्या यंत्रांवर ती व्यवस्थित चालते. तुमच्या बिलांचा प्रोग्राम तिच्यावर चालतो की नाही हे आधी तपासावे. न चालला तरी पत्रव्यवहार, इंटरनेट आणि मुलांचा अभ्यास यांसाठी ते यंत्र काही वर्षे जगते.

चौथा, दुरुस्तीचा हक्क मागावा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर'चे पोर्टल सुरू केले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. आपल्या व्यापारी संघटना विजेच्या दरासाठी आणि करासाठी निवेदने देतात, त्या निवेदनांत एक ओळ या हक्काचीही असावी.

पाचवा नियम सर्वांत स्वस्त आहे. प्रत्येक मोहल्ल्यात असा एखादा मुलगा असतो. त्याला एक टेबल, एक सोल्डरिंगची गन, एक मीटर आणि मोडायला चार बोर्डे द्यावीत. दहा दुकानदारांनी एकेका दिवसाच्या चहाचे पैसे दर महिन्याला काढले तरी हे भागते. आणि तो आपले काम करून देईल तेव्हा "घरचाच मुलगा आहे" म्हणून फुकट राबवू नये. कारागिराची मजुरी बुडवायची आणि मग हुनर राहिला नाही म्हणून रडायचे, हे आपण फार दिवस केले.

शेवटी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "समजावलेत का, भाईजान?" आम्ही म्हणालो, "समजावले. महिन्याला बाराशेच्या वर जायचे नाही आणि घरी पाठवतो त्यात कमी करायचे नाही, हे त्याने कबूल केले आहे." दुसरे सांगितले ते असे की आमच्या भावाला उरलेल्या वीस लूमवर तशाच डब्या हव्या आहेत आणि त्याचा बयाणा आम्ही भाच्याच्या हातात दिला आहे. भाचा घेत नव्हता. मामूकडून पैसे कसे घ्यायचे, म्हणत होता. आम्ही त्याला वही दाखवली. त्या दिवसाच्या खर्चात रक्कम लिहून झाली होती, यंत्राच्या दुरुस्तीच्या खात्यात, मिस्त्रीच्या मजुरीच्या बरोबर खाली.